बी.ऑप्टोम झालं, आता पुढे काय? नागपूर ते पाटणबोरी, पावणेदोन वर्षं

31 जुलै 2023 ला माझी बी.ऑप्टोमची, म्हणजे डोळे तपासायच्या आणि चष्म्याचा नंबर काढायच्या डिग्रीची, इंटर्नशिप संपली. संध्याकाळी हॉस्टेलवर बॅग भरत होते तर आईचा फोन आला, "झालं का वं मग? आता कोठी लागतं नोकरीले?" आणि मला काही सांगताच आलं नाही. तीन वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी चार वर्षं काढली, डोळ्याच्या पडद्यापासून ते चष्म्याच्या काडीपर्यंत सगळं शिकले, पण ह्या डिग्रीवर पगार कोण देतो हा तास कुठल्याच सेमिस्टरला नव्हता. म्हणून हे लिहितेय, थोडं लांबेल.

आमचं गाव केळापूर तालुक्यातलं, यवतमाळ जिल्हा. केळापूर म्हणजे पांढरकवडा, नागपूरहून हैदराबाद रोडनं दीडशे किलोमीटर. घरी चार एकर, कापूस आणि तूर. 2019 ला बारावी झाली, नीटचे मार्क सांगण्यासारखे नाहीत, कुणीतरी बाबांना सांगितलं की डोळ्यांचा एक कोर्स असते, आणि बाबांनी एक एकर मक्त्यानं देऊन माझी पहिली फी भरली. गावात सगळे त्याला "चस्म्याचं कॉलेज" म्हणायचे. मी आधी दुरुस्त करायचे, मग सोडून दिलं. पहिलं वर्ष अर्धं होत नाही तर मार्च 2020 चं लॉकडाऊन लागलं, त्यामुळे रेटिनोस्कोपी (डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायची पद्धत) मी आधी मोबाईलवर पाहिली, हातात नंतर धरली. आमच्या बॅचच्या सगळ्यांचा हात त्यामुळे उशिरा बसला आणि ते इंटरव्ह्यूत पुढे दिसलंच.

ऑगस्ट 2023 पूर्ण कागदांमधे गेला. मार्कलिस्ट, प्रोव्हिजनल, टीसी, मायग्रेशन आणि इंटर्नशिपचं सर्टिफिकेट. ह्यातलं शेवटचं नीट वाचून घ्या. माझ्यावर नुसतं "एक वर्ष पूर्ण केले" इतकंच होतं, कुठल्या विभागात किती महिने ते नव्हतं, आणि तेवढ्यासाठी मला परत नागपूरला जावं लागलं. तीन चकरा झाल्या. बरं की मार्चपासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं, नाहीतर कागदांपेक्षा प्रवासच महाग पडला असता.

ऑगस्टच्या शेवटी सार्वजनिक आरोग्य विभागाची मोठी जाहिरात आली, गट क आणि ड मिळून 10,949 पदं. आकडा पाहून घरी जणू नोकरी लागल्यासारखंच वातावरण झालं. पण जाहिरात उघडून पाहिली की कळतं, त्यात नर्सेस आहेत, फार्मासिस्ट आहेत, एक्स-रेवाले आहेत, सुतार आणि शिंपीसुद्धा आहेत, आणि आपल्या कामाचं पद "नेत्रचिकित्सा अधिकारी" ह्या नावानं कुठेतरी मधे आहे, मूठभर. ऑप्टोमेट्रिस्ट शब्द शोधत बसाल तर सापडणारच नाही, हे लक्षात ठेवा. सरकारी कागदात आपण कधी नेत्रचिकित्सा अधिकारी असतो, कधी नेत्र सहाय्यक. 2021 च्या अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या केंद्रीय कायद्यात मात्र ऑप्टोमेट्रिस्ट हे नाव स्पष्ट आहे, तेवढं नातेवाईकांना सांगायला बरं पडतं.

खुल्याला 1000 आणि मागासवर्गीयांना 900 फी होती. माझं नॉन-क्रीमी लेयरचं मुदत संपलेलं निघालं, ते नवीन काढायला तीन आठवडे गेले आणि फॉर्म अगदी शेवटी शेवटी भरला. ते सर्टिफिकेट नोकरी शोधायच्या आधीच नवीन करून ठेवा, नंतर तहसीलच्या रांगेत उभं राहून जाहिरातीची तारीख मोजत बसण्यासारखी दुसरी घालमेल नाही. परीक्षा थंडीत झाली, ऑनलाईन. ऑप्टिक्सचे प्रश्न सोपे गेले, बुद्धिमापनात मार खाल्ला. नाव लागलं नाही. दोन दिवस रडले, खोटं कशाला सांगू.

पण निकालाची वाट पाहत घरी बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून सप्टेंबरातच इंटरव्ह्यू द्यायला लागले होते.

पहिला एका डोळ्याच्या हॉस्पिटलात. 11,000 पगार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, आणि वरून दोन वर्षांचा बाँड आणि ओरिजिनल मार्कलिस्ट त्यांच्याकडे जमा. काम चांगलं होतं, डोळा मोठा करून दाखवणारा स्लिट लॅम्प, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची मापं म्हणजे बायोमेट्री, नजरेचा घेर तपासायचे फील्ड्स, सगळं हाताखालून गेलं असतं. पण ओरिजिनल द्यायचं ऐकून पोटात गोळा आला. बाबांना फोन केला, बाबा म्हणाले, "सातबारा कुणाजवळ ठेवतो का आपण?" संपला विषय. ओरिजिनल कुणालाच देऊ नका, झेरॉक्स द्या, दाखवायला न्या आणि परत आणा.

दुसरा एका छोट्या ऑप्टिकलमधे, तिथे मालक म्हणाले मशीनवर नंबर येतोच, तुम्ही फक्त काउंटर सांभाळा. तिसरा चष्म्यांच्या एका मोठ्या चेनमधे, नागपूरलाच. त्यांनी रेटिनोस्कोप हातात देऊन एका स्टाफवर नंबर काढायला लावला. हात थरथरत होता, लॉकडाऊनची कृपा. डोळ्यातून परत येणारी चमक, म्हणजे रिफ्लेक्स, काचा लावून न्यूट्रल केला आणि वर्किंग डिस्टन्सचे, म्हणजे मी बसले होते त्या अंतराचे, दीड डायॉप्टर (नंबराचं माप) वजा करायचे विसरले. मॅडमनं काही न बोलता माझ्याकडे पाहिलं, मी जीभ चावली आणि सुधारलं. घेतलं त्यांनी.

12 ऑक्टोबर 2023 ला जॉईन झाले. 15,500 पगार, पीएफ कापून हातात 14,200. तिघींत खोली 3,000, मेस 3,200, जाणंयेणं हजारभर, मोबाईल-साबण-औषध वगैरे धरून महिन्याला चार-साडेचार हजार घरी पाठवायचे. तिथे अकरा महिने काढले. वाईट नोकरी होती असं मी म्हणणार नाही. दिवसाला बारा-पंधरा रिफ्रॅक्शन (नंबर काढणं) व्हायचे, हात त्यानंच बसला. लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या प्रोग्रेसिव्हची उंची मोजणं, फ्रेम गरम करून कानामागे वळवणं, चष्मा घेऊन गेलेला माणूस आठ दिवसांनी चक्कर येते म्हणून परत आला तर शांतपणे चूक शोधणं, हे कॉलेजात अर्धवटच झालं होतं. पण टार्गेट होतं. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर मॅनेजर प्रत्येक माणसाला ब्ल्यू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड अडवणारी, लेन्स लागली का विचारायचा. आणि नेमका त्याच वर्षी, ऑगस्टमधे, कॉक्रेनचा, म्हणजे सगळं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, रिव्ह्यू आला होता की ह्या लेन्सनं डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसत नाही. मी तो वाचला होता. वाचून दुसऱ्या दिवशी तीच लेन्स विकायची म्हणजे जिभेवर खडा ठेवून बोलल्यासारखं व्हायचं. काही जणी छान जमवून घेतात, माझं जमलं नाही, एवढंच.

जानेवारी 2024 मधे शेजारच्या एका जिल्ह्यात कंत्राटी जागेचा इंटरव्ह्यू दिला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे आरबीएसकेत, शाळा-अंगणवाड्यांतून तपासून आलेली मुलं जिथे पुढच्या तपासणीला पाठवतात ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, डीईआयसी म्हणतात, तिथे ऑप्टोमेट्रिस्टचं पद असतं. पगार 20,000, करार अकरा महिन्यांचा. पद एक, आम्ही एकेचाळीस जण. सकाळी दहाची वेळ, माझा नंबर साडेतीनला. बाहेर सावलीत बसून सगळ्यांनी डबे वाटून खाल्ले आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की आपल्यासारखे किती आहेत. एक जण एम.ऑप्टोम (ह्याच विषयातली मास्टर्स) करून आलेला, एक बाई सहा वर्षं हॉस्पिटलात काम केलेल्या. माझं नाव वेटिंगला तिसरं लागलं. वेटिंगची यादी ऑफिसच्या बाहेर कागदावर लावतात, फोटो काढून ठेवा, नंतर तो कागद पावसात जातो.

आमच्या बॅचचं सांगते, कारण हेच सगळे विचारतात. अठरा जण होतो. सात जण चेनमधे किंवा ऑप्टिकलमधे, चार जण हॉस्पिटलात, दोघी एम.ऑप्टोमला बाहेर गेल्या, एक कॉन्टॅक्ट लेन्सच्या कंपनीत फिरतीवर, एक कॉलेजातच ट्यूटर, एक बँकेच्या परीक्षा देतोय, एकीचं लग्न झालं आणि ती आता नवऱ्याच्या मेडिकलमधे बसते. आणि मी. म्हणजे रिकामं फारसं कुणी नाही. पण पगार विचाराल तर पहिल्या दोन वर्षांत वीस हजाराच्या वर हातात घेणारे तिघेच. नोकरी घेताना मी तरी आता पगाराच्या आधी विचारीन की रोज किती पेशंट मी स्वतः तपासणार, स्लिट लॅम्प आहे का, आणि टार्गेट कागदावर आहे की तोंडी. तोंडी टार्गेट दर महिन्याला वाढतं.

2 सप्टेंबर 2024, पोळा. दोन दिवस सुट्टी घेऊन घरी आले होते. बैल सजवून झाले, पुरणपोळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी बाबा फवारणीला निघाले. पंपाजवळ उभं राहून त्यांनी औषधाची बाटली हातभर लांब धरली, मग अजून लांब, मग उन्हाकडे फिरवली, आणि मग सरळ माझ्याकडे दिली. "पाह्य बरं किती एमएल लिहिलं हाये."

मी मेलेच. चार वर्षं शिकून, अकरा महिने रोज पंधरा-पंधरा लोकांना जवळचा नंबर काढून देऊन, माझ्या स्वतःच्या बापाला चाळिशी लागून किती वर्षं झाली हे मला माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाले, अंदाजानं टाकतो, झाकणानं मोजून. बाटलीवरचा तो त्रिकोण असतो ना, लाल, पिवळा, निळा, हिरवा, त्यात लाल म्हणजे सगळ्यात जहाल, तो रंग दिसतो हो, पण खालची बारीक अक्षरं नाही. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर गेले, तेव्हा मी शाळेत होते, मास्कबद्दल आणि औषधांबद्दल खूप बोललं गेलं, पण लेबल वाचायला कुणाला दिसतं का हे कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. संध्याकाळी शेजारच्या काकांना, मामांना, सगळ्यांना तीच बाटली वाचायला दिली. नऊ माणसं, सगळी पंचेचाळीसच्या पुढची. वाचू शकला एक, तोही कारण त्याच्याजवळ बाजारातला शंभर रुपयांचा चष्मा होता.

नागपूरला जाऊन राजीनामा दिला. घरी सगळे माझ्यावर ओरडले, बाबा सोडून. नोटीस तीस दिवसांची होती, ती पूर्ण केली कारण अनुभवाचं पत्र पाहिजे होतं. भांडून निघू नका, ते पत्र पुढे बँकेत कामी आलं.

ऑक्टोबरपासून एका ट्रस्टच्या शिबिरांत जायला लागले, दिवसाचे 600 रुपये आणि जेवण. महिन्यात आठ-दहा शिबिरं. आणि सोबत दुकानाची खटपट सुरू केली. जागा पाटणबोरीला पाहिली, पांढरकवड्याहून वीसेक किलोमीटर, पुढे पिंपळखुटी आणि मग तेलंगणा. बाजाराचं गाव, आजूबाजूच्या खेड्यांतून आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, लोक येतात, अर्धे मराठी बोलतात आणि अर्धे तेलुगू. पांढरकवड्याला का नाही असं सगळ्यांनी विचारलं. एक तर तिथे चष्म्याची दुकानं आहेत, आणि दुसरं कारण पैशाचं, ते आता सांगते.

पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणून केंद्राची योजना आहे, 2008 पासून. ग्रामीण भागात बाईला प्रकल्प किमतीच्या 35 टक्के सबसिडी मिळते, शहरी भागात 25. स्वतःचे फक्त 5 टक्के घालायचे. पांढरकवडा नगरपरिषद, पाटणबोरी ग्रामपंचायत. विशेष प्रवर्गासाठी मला वाटलं होतं जातीचा दाखला लागेल, पण बाई असणं तेवढंच पुरतं, आयुष्यात पहिल्यांदा काही न जोडता मिळालं. अर्ज ऑनलाईन असतो. आधार, पॅन, मार्कलिस्ट, फोटो, ग्रामीण भागाचा दाखला, प्रोजेक्ट रिपोर्ट. रिपोर्ट करून देणारे 4-5 हजार मागतात, मी स्वतः केला, तीन रात्री लागल्या. त्यात एक चूक केली, सेकंडहँड ऑटोरेफ्रॅक्टोमीटर (आपोआप नंबर काढायची मशीन) धरला, कारण नवीन घ्यायची माझी ऐपत नव्हती. बँकेनं सांगितलं जुनी मशीन चालणार नाही, नवीन वस्तूचं कोटेशन आणा. मग ऑटोरेफ काढूनच टाकला. रेटिनोस्कोप आहे हातात, झालं की. कॉलेजच्या सरांना सांगितलं तर सर खूश झाले, म्हणाले आता तरी दीड वजा करशील. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

शेवटी बसवलेलं गणित असं होतं. स्लिट लॅम्प टेबलासकट 68,000. चष्म्याचा नंबर मोजायचा लेन्सोमीटर 19,000. ट्रायल सेट, म्हणजे नंबर लावून पाहायच्या काचांची पेटी, आणि फ्रेम 11,500. रेटिनोस्कोप 16,000, डोळ्याच्या आतला पडदा पाहायचा ऑप्थॅल्मोस्कोप 13,000. लेन्स घासायची एजिंग मशीन 78,000 आणि तिचं सटरफटर 12,000. इन्व्हर्टर-बॅटरी 27,000, आमच्याकडे त्याशिवाय उन्हाळ्यात दुकान म्हणजे अंधारकोठडी. फर्निचर, रंग, आरसे 85,000. उरलेले दीड लाख फ्रेमा आणि लेन्स. एकूण 4,80,000. माझे 24,000, बँकेचे 4,56,000, आणि सबसिडी 1,68,000. आता हे नीट समजून घ्या कारण मला कुणी सांगितलं नव्हतं, सबसिडी तुमच्या हातात येत नाही, ती तुमच्याच नावानं बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहते आणि धंदा चालू असल्याची पाहणी झाल्यावर कर्जात वळती होते. म्हणजे सुरुवातीला हप्ता पूर्ण कर्जाचाच डोक्यावर असतो. माझा 9,800 बसला.

अर्ज ऑक्टोबरच्या मध्यात टाकला आणि तेव्हाच विधानसभेची आचारसंहिता लागली. 20 नोव्हेंबरला मतदान, तेविसला निकाल, तोवर ज्याला विचारावं तो म्हणे इलेक्शन झाल्यावर या. डिसेंबरात फाईल बँकेत गेली. बँकेतल्या साहेबांचा पहिला प्रश्न, "गावात चष्मे कोण घेणार?" आणि दुसरा, "शेती तारण देता का?" 10 लाखाच्या आतल्या अशा कर्जाला तारण मागायचं नसतं, रिझर्व्ह बँकेचंच म्हणणं आहे, मी तो कागद काढून सोबत नेला होता पण टेबलावर आपटला नाही, हळूच फाईलमधे वरती लावला. पहिल्या प्रश्नाला मी फवारणीच्या बाटलीचं लेबल पुढे केलं. साहेब पन्नाशीचे. त्यांनी ते हातभर लांब धरलं. मी काहीच बोलले नाही. साहेबच हसले.

म्हणजे लगेच झालं असं नाही बरं का. सहा चकरा झाल्या, दोनदा साहेब ट्रेनिंगला, एकदा लिंक फेल, एकदा माझंच कोटेशन जुन्या तारखेचं. मंजुरी फेब्रुवारी 2025 मधे. मग उद्योजकतेचं ट्रेनिंग करावं लागतं, पाच लाखाच्या आत म्हणून माझं पाच दिवसांचं, ऑनलाईन केलं, छपरीत खाट टाकून कारण घरात रेंज येत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट असते, स्वतः मोबाईलवर होते, कुणालाही पैसे देऊ नका. दुकानाच्या नोंदणीत तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर नुसती सूचना द्यायची होती. ग्रामपंचायतीचं ना-हरकत मात्र ग्रामसेवक भेटतील तेव्हाच, मला चौथ्या वेळी भेटले.

30 एप्रिल 2025, अक्षय तृतीयेला दुकान उघडलं. भाडं 2,000. पेंटरनं बोर्डवर "ऑप्टोमेट्रिक्स" लिहून ठेवलं होतं, पुसायला लावलं तर खाली डाग राहिला, तो अजून आहे. त्याखाली मोठ्या अक्षरात "डोळे तपासणी व चष्मे". डॉक्टर लिहायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं. लोक डाक्टरीणबाई म्हणतात, मी दरवेळी सांगते की मी नंबर काढते, तपासते, औषध लिहीत नाही आणि ऑपरेशन करत नाही. "मंग पाठवतं कुठी?" असं एका आजीनं विचारलं, आणि खरं तर तेच अर्धं काम आहे.

पहिल्या महिन्यात अकरा चष्मे. अकरा! रोज रात्री हप्त्याचा आकडा डोळ्यासमोर. मे महिन्यात लग्नं आणि ऊन, जूनमधे पेरणी, लोकांजवळ पैसा नाही. मग मी दुकानात बसून वाट पाहणं बंद केलं. बाजाराच्या दिवशी बाहेर खुर्ची टाकली, ट्रायल सेट काढला, आणि जवळच्या चार्टच्या ऐवजी औषधाच्या बाटलीचं लेबल आणि तांदळाची ताटली ठेवली. माणसांना लेबल, बायांना खडे निवडायला तांदूळ. +2.00 घातलं की ताटलीतला खडा दिसतो आणि बाई आधी मला नाही, खड्याला शिव्या देते. पूर्ण चष्मा 350 पासून ठेवला. बाजारातल्या शंभर रुपयांच्या तयार चष्म्याला मी नावं ठेवत नाही, दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आणि तिरपा नंबर नसला तर जवळच्या कामाला तो चालतो, मी तपासून सांगते की घे तोच. असं सांगितलेली माणसं पुढच्या बाजारी घरच्या दोघांना घेऊन येतात.

तेलुगू शिकावी लागली, म्हणजे कामापुरती. "कनबडतुंदा?" म्हणजे दिसतं का. पोडावरच्या बायांसाठी अक्षरांचा चार्ट काहीच कामाचा नाही, इंग्रजी ई चा घेतला, तीन बोटं ज्या दिशेला तशी धरायची. एका कोलाम आजीनं सहाच्या ओळीपर्यंत बोटं बरोबर धरली आणि वरून माझाच चष्मा मागून पाहिला, म्हणाली तुलेच कमी दिसते.

एक प्रसंग लिहिलाच पाहिजे, नवीन मुलामुलींसाठी. जुलैमधे एक तीसेक वर्षांचा माणूस आला, डोळ्याला तुराटीचं टोक लागून आठ दिवस झाले, डोळा लाल, पाणी, उजेड सहन होत नाही. मेडिकलमधून थेंब घेऊन टाकत होता. बाटली पाहिली तर स्टिरॉइड. स्लिट लॅम्पवर बुबुळावर पांढरट जखम, कडा पिसाऱ्यासारख्या. शेतातल्या काडीकचऱ्यानं बुरशीचा अल्सर होतो आणि त्यावर स्टिरॉइड म्हणजे आगीत तेल, पुस्तकातलं वाक्य समोर बसलेलं होतं. त्याला वाटत होतं मी दुसरे थेंब देईन. मी चिठ्ठी लिहिली, थेंब बंद, आजच्या आज मेडिकल कॉलेजला जा. शेतीचं काम सोडून जायला तयार नव्हता, त्याच्या बायकोला बाहेर बोलावून सांगितलं, ती घेऊन गेली. डोळा वाचला, डाग राहिला. त्या दिवशी मला एक रुपया मिळाला नाही. पण 68,000 चा स्लिट लॅम्प कशाला घेतला, नुसत्या चष्म्याच्या दुकानाला काय गरज, असं जे मला म्हणायचे त्यांना आता मी उत्तर देत नाही. मोतीबिंदूचंही तसंच, राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं, मी यादी करते आणि पाच-सहा जण जमले की एकत्र पाठवते, कारण एकटी म्हातारी माणसं जात नाहीत, सोबतीनं जातात. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, हे निम्म्यांना मीच सांगितलं.

सप्टेंबरात जीएसटी कमी झाला, 22 तारखेपासून नंबरच्या चष्म्यांवर 12 चे 5 टक्के. माझी उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या खूपच खाली आहे, पण नागपूरच्या होलसेलवाल्याचं बिल जरा हलकं झालं. दिवाळीनंतर कापूस निघाला आणि तेव्हा कुठे उधारी वसूल झाली. उधारी द्यावीच लागते इथे, मी वहीत नावासमोर "कापूस" किंवा "तूर" लिहिते, म्हणजे कशाच्या पैशातून देणार ते. कापूसवाले बहुतेक आले. नोव्हेंबरमधे सेहेचाळीस चष्मे गेले. भाडं, हप्ता, लेन्स, वीज सगळं जाऊन 13,000 च्या आसपास उरले. म्हणजे चेनमधल्या पगारापेक्षा कमीच, पण खोलीभाडं आणि मेस नाही. शिबिरांचे वेगळे, महिन्याला चार करते अजून. हप्ता एकदा चुकला, ऑगस्टचा, तो बाबांनी भरला, आणि ते मी इथे लिहितेय कारण कुणाला वाटू नये की सगळं आपसूक जमून आलं. घरी राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण नसतं तर हे मला जमलंच नसतं, ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी आधी दोन वर्षं हॉस्पिटल करावं असं मला वाटतं, ओरिजिनल न देता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डीईआयसीच्या नवीन जाहिरातीची पीडीएफ मैत्रिणीनं पाठवली. भरलाय फॉर्म. लागली तर काय करायचं ते तेव्हा बघू, आईचं म्हणणं आहे की लागली तर बाजाराच्या दिवशी दुकानात ती बसेल, फ्रेमांचे भाव तिला माझ्यापेक्षा पाठ आहेत. उद्या बाजार आहे. लेन्सचं पार्सल पांढरकवड्याच्या स्टँडवर सकाळच्या गाडीनं येतं, ते उतरवून घ्यायला बाबा जाणार आहेत, आणि त्यांनी आत्ताच विचारलं की पावतीवरचा नंबर कोणता, मग खिशातून चष्मा काढून स्वतःच वाचला.